स्वस्तातला बॉब मार्ले बनावट नाही

मराठवाड्यातल्या गाणेवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय की जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ले याच्या स्वस्त संग्रहांत भलत्याच कुणाचा आवाज असतो. हे खरं नाही. त्यातली बरीच गाणी 1970-71 मध्ये निर्माता ली पेरीने जमैकात ध्वनिमुद्रित केलेली आहेत. आवाज मार्ले आणि त्याचे साथीदार गायक पीटर टॉश व बनी वेलर यांचेच, बेस-ड्रमवर बॅरेट बंधू. आयलंड या रेकॉर्ड कंपनीशी करार त्यानंतर झाला. मला तर हाच कच्चा, मोकळा मार्ले जास्त भावतो.

फसगत होते ती वेगळीच: तीच गाणी नव्या कव्हरात पुन्हा येतात. इतर गायकांच्या संग्रहांत कधी कधी जुनी गाणी नंतर नव्याने गायलेली असतात. म्हणून लातूर-नांदेडला जुन्या सीडी चाळताना मागची यादी नीट वाचा. ट्रोजन या रेकॉर्ड कंपनीचा मार्लेचा संच दिसला तर सोडू नका.