कर्नल अपग्रेडनंतर सुरू न झालेल्या लॅपटॉपबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमच्या रिव्ह्यूत तीन तक्रारी आहेत. बूट मेनूतून (संगणक सुरू होतानाच्या यादीतून) जुना कर्नल, म्हणजे उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची आधीची आवृत्ती, निवडला की पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला आम्ही दोन दिवस लावले. लॅपटॉप परत नेल्यावर पुढच्याच अपडेटला स्क्रीन काळी पडली. आणि यापेक्षा उबुंटू पुन्हा इन्स्टॉल केलं असतं तर बरं झालं असतं. यातली दुसरी तक्रार पूर्ण खरी आहे, चूक आमची आहे, ती कुठे झाली ते खाली लिहिलं आहे. पहिली अर्धी खरी आहे. तिसरीशी मात्र आम्ही सहमत नाही.

लॅपटॉप आला तेव्हा स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक’ होतं आणि खाली ‘अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ अशी ओळ. त्या दोन शून्यांचा अर्थ असा की कर्नलला रूट (प्रणालीच्या मुख्य फाइली असलेला विभाग) म्हणावं असं एकही उपकरण सापडलेलं नाही. डिस्क खराब आहे असं त्यावरून समजायचं कारण नाही. बहुतेक वेळा कर्नलला त्याची इनिटरॅमएफएस फाइलच (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि साधनं असलेली) मिळालेली नसते. तुमच्या लॅपटॉपवर रूट विभाग लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) एन्क्रिप्ट केलेला आहे. तो उघडण्यासाठी पासवर्ड विचारण्याचं काम ही फाइलच करते, त्यामुळे तिच्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही.

फाइल का नव्हती? कर्नल आणि त्याच्या फाइली ठेवायचं वेगळं बूट पार्टिशन (डिस्कचा भाग) भरलं होतं. त्याचा आकार साधारण ५०० एमबी. एका कर्नलची स्वतःची फाइल १५ एमबीच्या आसपास, पण त्याची इनिटरॅमएफएस ग्राफिक्स ड्रायव्हर आणि फर्मवेअर धरून १०० एमबीच्या पुढे जाते. वर नवी फाइल आधी शेजारी तयार होते आणि मग जुनीची जागा घेते, म्हणून एका फाइलची जादा जागा कायम मोकळी लागते. अपग्रेडमध्ये कर्नल बसला, त्याचे मॉड्यूल (ड्रायव्हरचे भाग) रूट विभागात बसले, आणि इनिटरॅमएफएस लिहिताना जागा संपली. पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेलं राहिलं. त्या वेळी ग्रबचा (बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनूही बदलला नाही, म्हणून लगेच काही जाणवलं नाही. नंतर दुसऱ्या एखाद्या पॅकेजने मेनू नव्याने तयार करवला की हा अपुरा कर्नल यादीत सर्वांत वर जाऊन बसतो, आणि पुढच्या रीस्टार्टला पॅनिक. अपडेट एका दिवशी आणि बिघाड चार दिवसांनी, असं का होतं याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

आता जुन्या कर्नलबद्दल. सर्वसाधारणपणे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ज्यांचा संगणक अपग्रेडनंतर सुरू होत नाही त्यांनी पहिल्यांदा तेच करावं: सुरू होताना यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) असेल तर एस्केप, जुनी बायोस असेल तर शिफ्ट, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि आधीची आवृत्ती. पण हा तात्पुरता मार्ग आहे. बूट पार्टिशन भरलेलंच राहतं आणि पुढचं अपडेट पुन्हा तिथेच अडतं. तुमच्या बाबतीत तर तोही मार्ग बंद झाला होता. लॅपटॉप आमच्याकडे येण्याआधी जागा करण्यासाठी कोणीतरी बूट पार्टिशनमधल्या मोठ्या फाइली हाताने पुसल्या होत्या, आणि त्यात जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएसही गेली. मेनूत दोन्ही नावं दिसत होती, पण दोन्हींना पॅनिकच येत होतं. फाइली हाताने पुसल्या तरी पॅकेज व्यवस्थेला ते कर्नल बसवलेलेच दिसतात. म्हणून हा उपाय आम्ही फक्त एकाच परिस्थितीत करतो: पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या ‘ॲप्ट’ला स्वतःचं काम करण्याइतकीही जागा उरली नसेल तेव्हा. तेव्हाही सर्वांत जुन्या कर्नलचीच इनिटरॅमएफएस काढायची, तीही ‘युनेम -आर’ने चालू आवृत्ती पाहून. मग लगेच ते पॅकेज रीतसर काढून टाकायचं.

दोन्ही कर्नल चालत नव्हते, म्हणून लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटूतून) आत जावं लागलं. त्याआधी आम्ही तुमच्या लक्स हेडरची, म्हणजे विभाग उघडण्याची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची, प्रत घेतली (लक्स २ मध्ये ती १६ एमबीची असते, आणि हेडर बिघडलं तर पासवर्ड बरोबर असूनही डेटा जातो) आणि पूर्ण डिस्कचीही. एन्क्रिप्ट केलेल्या विभागात कुठे डेटा आहे आणि कुठे मोकळी जागा ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे १ टीबी पूर्ण उचलावा लागतो. सेकंदाला १०० एमबी धरले तरी पावणेतीन तास. हा वेळ आम्ही वाचवणार नाही, पुढेही नाही.

उरलेल्या उशिरातला मोठा भाग मात्र आमच्या चुकीमुळे झाला. आमच्या तंत्रज्ञाने लाइव्ह यूएसबीवर एन्क्रिप्टेड विभाग फाइल मॅनेजरमधून उघडला. त्यामुळे त्याला ‘लक्स’ आणि पुढे लांबलचक यूयूआयडी (विभागाचा ओळख क्रमांक) असं नाव मिळालं. कोणता विभाग कोणत्या नावाने उघडायचा ते सांगणाऱ्या तुमच्या क्रिप्टटॅब फाइलमध्ये त्याच विभागाचं नाव ‘डीएम_क्रिप्ट-०’ आहे. नावं जुळली नाहीत की इनिटरॅमएफएस बनवणारी स्क्रिप्ट नुसता इशारा देऊन पुढे जाते आणि विभाग उघडण्याची तजवीज फाइलमध्ये घालतच नाही. काम झाल्यासारखं दिसतं. रीस्टार्ट केल्यावर पासवर्ड विचारलाच जात नाही आणि ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहिलेल्या प्रॉम्प्टवर गाडी थांबते. तुमच्या लॅपटॉपवर हेच झालं, आणि तो इशारा वाचायला हवा होता.

बरोबर क्रम असा आहे. क्रिप्टसेटअप या लक्स उघडणाऱ्या साधनाने विभाग क्रिप्टटॅबमधल्याच नावाने उघडायचा, त्यातला एलव्हीएम (आतल्या विभागांचा) गट चालू करायचा, रूट माउंट करायचा (जोडायचा), मग त्याच्या आत बूट आणि त्याच्या आत ईएफआय पार्टिशन. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे फोल्डर बाइंड करून (आत जोडून) सीएच-रूट, म्हणजे लॅपटॉपवरच्याच प्रणालीत शिरायचं. बूट पार्टिशन माउंट करायचं राहिलं तर नवी फाइल रूट विभागातल्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिली जाते, एकही एरर येत नाही, आणि संगणक होता तसाच राहतो. आत गेल्यावर आधी ‘डीएफ’ने जागा पाहायची, नको असलेले कर्नल पॅकेज म्हणून काढायचे, पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला अर्धवट राहिलेलं कॉन्फिगरेशन पूर्ण करायला सांगायचं, राहिलेल्या प्रत्येक कर्नलची इनिटरॅमएफएस नव्याने करायची आणि शेवटी ग्रब अपडेट. तयार फाइलमध्ये क्रिप्टसेटअप खरंच आहे का, हे ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने पाहिल्याशिवाय रीस्टार्ट करायचं नाही. ही शेवटची तपासणी आता आमच्याकडे सक्तीची आहे.

काळ्या स्क्रीनचा प्रकार वेगळा, आणि पूर्णपणे आमचा दोष. एनव्हिडियाचं ग्राफिक्स मॉड्यूल तुमच्याकडे डीकेएमएसमधून, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तिथल्या तिथे तयार होतं. त्याला त्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली, वरच्या लक्स हेडरपेक्षा वेगळ्या) लागतात. आम्ही त्या दिवशीच्या कर्नलचे हेडर बसवले, पण पुढच्या आवृत्त्यांबरोबर आपोआप येणारं हेडरचं मेटापॅकेज साध्या ‘जेनेरिक’ मालिकेचं टाकलं. तुमचा लॅपटॉप एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीच्या कर्नलच्या) मालिकेवर आहे. नवा कर्नल आला, त्याचे हेडर आले नाहीत, मॉड्यूल तयार झालं नाही. नूव्हो या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरला एनव्हिडियाच्या पॅकेजने आधीच मज्जाव केलेला असतो, त्यामुळे स्क्रीनला वाली उरला नाही. डेटाला काहीही झालेलं नाही. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत नसेल आणि बटण दाबल्यावर चालू-बंद होत असेल, तर कर्नल जिवंत आहे.

आज काम अडलं असेल तर मेनूतून आधीचा कर्नल निवडा. या वेळी तो चालेल, कारण त्याची इनिटरॅमएफएस आणि मॉड्यूल दोन्ही जागेवर आहेत. दुरुस्तीसाठी तुमच्या उबुंटूच्या आवृत्तीचं एचडब्ल्यूई हेडर मेटापॅकेज बसवायचं आणि ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसतं का ते पाहायचं. सिक्युअर बूट (सही ओळखलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असल्याने मॉड्यूलची सही ओळखणारी एमओके किल्ली नोंदवावी लागू शकते. तसं असेल तर पॅकेज पासवर्ड ठरवायला सांगेल आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येईल. ती १० सेकंदच थांबते. तेवढ्यात कोणतंही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ती वेळ निघून गेली तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पुन्हा इन्स्टॉल करण्याबद्दल: इन्स्टॉलरने तुमचा एन्क्रिप्टेड विभाग पुसून नवा केला असता, आणि कर्नल हेडरची ही अडचण त्यानंतरही येऊ शकली असती. बूट पार्टिशन मोठं करणं हा खरा कायमचा उपाय आहे. त्यासाठी एन्क्रिप्टेड विभाग आतून बाहेर लहान करत यावा लागतो. सध्या दोन कर्नल ठेवून जागा पुरते, म्हणून तुमच्याशी बोलल्याशिवाय आम्ही त्याला हात लावला नाही. इनिटरॅमएफएसमध्ये फक्त याच लॅपटॉपचे ड्रायव्हर ठेवून ती लहान करता येते, पण मग डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर तिथे सुरू होईलच असं नाही. तुमच्या कामासाठी तो सौदा आम्हाला योग्य वाटला नाही.

कर्नल हेडरचं काम आणि सिक्युअर बूटची नोंदणी आम्ही विनामूल्य करून देऊ, आणि पहिल्या दुरुस्तीची मजुरीही परत करू. लॅपटॉप आणण्याची गरज नाही. जुन्या कर्नलवर सुरू करून इंटरनेट जोडा आणि आम्हाला फोन करा, अर्ध्या तासाचं काम आहे. निळ्या स्क्रीनच्या वेळी मात्र लॅपटॉपसमोर तुम्हीच असायला हवं, कारण ती पायरी दुरून करता येत नाही.