राइट क्लिक करा आणि चहा पिऊन या

फाइलचं नाव बदलायचं होतं. बस, एवढंच! राइट क्लिक केलं तर निळं चक्र गरागरा फिरत बसलं. उठलो, पाणी प्यायलो, परत आलो, चक्र चालूच. मग 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि मग टास्कबारसकट सगळं गायब.

रिपेअरवाल्याचं उत्तर ठरलेलं: "सर, रॅम वाढवा." वाढवली. "एसएसडी टाका." टाकली. खिसा रिकामा झाला, चक्र तिथंच!

शेवटी रविवारी स्वतःच शोधायला बसलो. राइट क्लिकच्या मेनूत ही गर्दी: झिपवाला, क्लाउडवाला, अँटिव्हायरसवाला, दोन पीडीएफवाले, शिवाय कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. या प्रत्येकाची डीएलएल, म्हणजे कोडची फाइल, थेट एक्सप्लोररच्या (फायली दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामच्या) प्रोसेसमध्ये जाऊन बसते. एक अडकला की अख्खं एक्सप्लोरर अडकतं, आणि टास्कबारही त्याचाच, म्हणून तोही जातो. यांना आत घेतलं कुणी? मीच म्हणे. इन्स्टॉल करताना आधीच टिक करून ठेवलेला तो बारीक चौकोन मी काढला नाही ना!

एक्सेलची तीच कथा. कंट्रोल दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडण्यांशिवाय, उघडलं की फटकन उघडतं. नेहमीसारखं उघडलं की पीडीएफचं वरून जोडलेलं अ‍ॅड-इन आधी आपलं बस्तान मांडणार. अरे, एक्सेल २०१० पासून स्वतःच पीडीएफ सेव्ह करतं, तुझं काम काय इथं? आउटलुक तरी बरं, सलग पाच वेळा बघून सुरू व्हायला साधारण सेकंदाहून जास्त खाणारं अ‍ॅड-इन स्वतःच बंद करतं.

आणि शिव्या कुणाला? विंडोजला! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले, तेव्हाही लोक मायक्रोसॉफ्टच्याच नावानं बोटं मोडत होते. (कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत, बाहेरच्याला वाट दिली ही त्यांची चूक, ते मान्य.) बाकी चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेलएक्सव्ह्यू नावाच्या, मेनूतली ही गर्दी दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं एकेक करून सगळ्यांना बंद केलं. राइट क्लिक, मेनू हजर! जुनीच रॅम पुरली असती की हो!

आज सकाळी एका पीडीएफवाल्याचं अपडेट आलं. न विचारता. आणि मेनूत पहिल्या नंबरला परत तोच. कुणी बोलावलं होतं रे तुला?