चेनचा झोल

मोटारसायकलची चेन सैल झाली की डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. ॲक्सिलरेटर सोडला की खालून ‘खळ्ळ’, पुन्हा पिळला की ‘टक्’. चार दिवस मी तो आवाज खड्ड्यांच्या नावावर खपवला. पाचव्या दिवशी शेजारच्या काकांनी मला दारातच गाठलं.

"अरे, तू आलास हे आम्हाला हल्ली हॉर्नशिवाय कळतं," असं म्हणून ते वाकले आणि खालच्या बाजूची चेन एका बोटाने वर ढकलली. "झोपाळा झालाय बघ हिचा. दोन बोटं हलली पाहिजे. जास्त नाही, कमी नाही."

दोन बोटं ठीक, पण कोणाची? काकांचं एक बोट म्हणजे माझी दीड. शिवाय ती बोटं आडवी धरायची की उभी, यावर काकांचंच मत संध्याकाळपर्यंत दोनदा बदललं. म्हणून मी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढली. डिकीतल्या पान्यांबरोबर राहून राहून तिला ग्रीसचा नैवेद्य चढला होता आणि त्या धड्याची पानं एकमेकांना चिकटली होती. जेवढं वाचता आलं त्यात आकडा स्पष्ट होता : दोन स्प्रॉकेटच्या (चेन ज्या दातेरी चकत्यांवरून फिरते त्यांच्या) मधोमध, खालच्या बाजूला, चेन एकूण २० ते ३० मिलिमीटर खालीवर हलावी. मी खूश झालो. आकडा असला की काम सोपं, असं मला तोवर वाटत असे.

रविवारी गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, किल्ली काढून खिशात टाकली (चेनजवळ बोटं न्यायची असतील तर इंजिन बंदच हवं, एवढी अक्कल मला आहे) आणि लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी पळवली. पट्टी चेनला लावली, दुसऱ्या हाताने चेन वर ढकलली. माप शून्य. पुन्हा ढकलली. शून्य. डोळ्यांदेखत चेन लोंबतेय आणि पट्टी म्हणतेय सगळं आलबेल.

"बाबा, तुझा पट्टीचा हातपण चेनबरोबर वर जातोय," लेक मागून म्हणाली. ती पट्टी परत न्यायला आली होती.

मग तिनेच पट्टीचं टोक फरशीवर टेकवून ती उभी धरली. मी चेन वर ढकलली, तिने आकडा वाचला; खाली ओढली, तिने आकडा वाचला. वजाबाकीही तिनेच केली. ३८. रोग सापडला. आणि मी एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण काका आले. "चाक फिरवून बघितलंस का?"

चाक थोडं फिरवलं, मोजलं : ३५. आणखी फिरवलं : २९. मग ३३, मग पुन्हा ३८. म्हणजे माझ्या गाडीच्या चेनला एक माप नाहीच! कुठे ती ऐसपैस पसरलेली, कुठे आवळून बसलेली. लोक म्हणतात चेन ताणली जाते. खरं तर ती रबरासारखी ताणली जात नाही, झिजते. शंभराहून जास्त कड्या असतात. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एक शतांश मिलिमीटरने जरी झिजले तरी सगळं मिळून लांबी मिलिमीटरभर वाढते, आणि तेवढ्याशा लांबीने मधला झोल कितीतरी जास्त वाढतो. त्यात हे सांधे काही एकविचाराने झिजत नाहीत. म्हणून माप घ्यायचं ते चेन सगळ्यात टाइट असते त्या जागी. सैल जागा बघून आवळली, तर टाइट जागा स्प्रॉकेटवर आली की गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा जीव जातो. फरक फारच वाढला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याशिवाय इलाज नसतो. माझी चेन अजून त्या थराला गेली नव्हती, नुसती लहरी झाली होती. टाइट जागा २९, म्हणजे पुस्तकात बसणारी. सैल जागा ३८, म्हणजे काकांना ऐकू येणारी. टाइट जागी २२ करायचं, असा आमच्या तिघांत ठराव झाला.

मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटाची स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून अडकवलेली दोन पायांची पिन, पकडीने काढली आणि पाना लावला. नट हलेना. काकांनी पुढे जाऊन हँडल धरलं, मी पान्यावर सगळा भार टाकला. नट एकदम सुटला आणि माझ्या बोटांची मूठ सायलेन्सरशी भेटली. गाडी गार होती म्हणून बरं.

पुढचं काम वाचायला सोपं आहे. चाक मागेपुढे सरकवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे नट सारखे फिरवायचे, नाही तर चाक तिरकं बसतं. आट्यांतलं अंतर सव्वा मिलिमीटर धरलं तर षट्कोनी नटाची एक बाजू फिरवली की चाक साधारण ०.२ मिलिमीटर मागे सरकतं. इतक्या नाजूक हिशोबाला शांतता लागते. मी डावीकडे चार बाजू मोजून उजवीकडे गेलो, दोन झाल्या, आणि काकांनी विचारलं, "आता किती झाल्या?" उत्तर देताना मी सांगितलेला आकडा आणि फिरवलेला आकडा वेगळे पडले. मग मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, म्हणजे स्विंग आर्मवरच्या, खुणांवर भिस्त ठेवली आणि दोन्ही बाजू खुणेखुणेने जुळवल्या. २२ आलं. टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. ॲक्सलचा नट घट्ट आवळला, हौस म्हणून पुन्हा मोजलं : १७.

नट आवळताना चाक आणखी मागे ओढलं गेलं होतं! पुन्हा सगळं सैल. या वेळी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये एक फडकं ठेवलं आणि चाक हातानेच जरासं फिरवलं. फडकं दातांत अडकतं, चेन ताणली जाते आणि चाक पुढे दाबलं जाऊन ॲडजस्टरला टेकून राहतं. मग नट आवळला. २२. नवी स्प्लिट पिन घातली, तिचे पाय वाकवले. त्या क्षणी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो लग्नातही वाटला नव्हता.

किल्ली लावली.

"बाबा, मागचा लाल दिवा लागलाय."

ब्रेकला कोणाचा पाय नव्हता. चाक मागे गेलं, त्याबरोबर ड्रम ब्रेकचा रॉड ओढला गेला आणि गाडी स्वतःच ब्रेक दाबून उभी राहिली. रॉडच्या टोकाचा नट सैल केला, दिवा विझेना. मग पेडलजवळचा स्विच जुळवला, विझला. चाक मोकळं फिरलं. हात धुतले. काका पुस्तिकेची चिकटलेली पानं नखाने सोडवत बसले होते.

"हे काय रे लिहिलंय?" त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. ‘चेनचे माप घेताना गाडी साइड स्टँडवर उभी असावी.’

मी गाडी मेन स्टँडवरून खाली घेतली, साइड स्टँडला लावली आणि टाइट जागा शोधली. लेकीने पट्टी फरशीवर टेकवली. मागच्या शॉकॲब्सॉर्बरवर वजन आलं की चाक जरा वर सरकतं आणि चेन आणखी आवळते.

"सतरा," ती म्हणाली.

काका बसायला स्टूल आणायला गेले. मी पुन्हा पक्कड शोधू लागलो.