म्हणे सगळं एकत्रच होतं

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच वाद. मागच्या बाजूला कंपोस्टचा खड्डा करायचा का एवढाच विषय होता, आणि एका काकांचं ठरलेलं वाक्य आलंच, "अहो घंटागाडीत शेवटी सगळं एकत्रच होतं, मग घरात वेगळं करायची नाटकं कशाला?" त्याखाली अंगठ्यांची रांग. मी इकडे जर्मनीत, स्टुटगार्टला ट्राममध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि डोकंच सटकलं.

ओला-सुका-घातक वेगळा करा हा नियम २०१६ सालीच आला, अख्ख्या देशासाठी, कोणा हौशी बाईने काढलेला नाही. आणि घंटागाडीचं नाशिककरांना केवढं कौतुक, पाहुण्यांना सांगतो आपण, पण तिच्यात आपण काय टाकतो ते विचारायचं नाही. इथे माझ्या स्वयंपाकघरात चार डबे आहेत. काचा बाहेरच्या कंटेनरला, त्याही रंगाप्रमाणे, निळी बाटली हिरव्यात, आणि रविवारी तर नाहीच टाकायच्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की बाटलीमागे पंचवीस सेंट डिपॉझिट परत. कोणी कुरकुरत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर मावसभावाचा पर्सनलवर मेसेज, तुमचं प्लॅस्टिक तुर्कस्तानात जातं ते पण लिही की ताई. बरं, जातं. पॅकिंगचा कचरा टाकतो त्या पिवळ्या पिशवीतलंही बरंचसं शेवटी जाळतातच. पण म्हणून आमच्या इथल्या बिल्डिंगमधली आजी दह्याचं झाकण डब्यापासून सोलून वेगळं टाकायची थांबलीये का? नाही ना. मला तेवढंच म्हणायचंय.

आणि नियम आपल्याकडे पण होतेच की. २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत मिळणार असं ठरलं होतं. आई महिनोन्महिने पिशव्या धुवून सिंकवरच्या दोरीला चिमटे लावून वाळवायची. पन्नास पैसे काही कधी आले नाहीत. आता त्या पिशव्या भंगारवाला नेतो, तोही नाक मुरडून. बुधवारच्या बाजारात ती कापडी पिशवी घेऊन जाते तर भाजीवाली आधी पातळ कॅरीबॅगमध्ये मेथी घालते आणि मग ती कॅरीबॅग आईच्या पिशवीत ठेवते, "राहू द्या मावशी, ओली आहे भाजी."

खरी गंमत आईच्या बाल्कनीतल्या खताची. रंगाची जुनी बादली, आजूबाजूने तापलेल्या खिळ्याने पाडलेली भोकं. उन्हाळाभर छान चाललं. पावसाळ्यात पाणी सुटलं, पांढऱ्या अळ्या झाल्या आणि शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. अळ्या काही वाईट नसतात, उलट कचरा भराभर खातात, पण हे कोणाला सांगणार? ओल्याला सुकं लागतं, वाळलेला पाला थरावर थर हवा. तर पाला नाही म्हणून आई कोकोपीटची वीट विकत आणते, वरून आंबट ताक शिंपडते, आणि खाली आमचा झाडूवाला रोज सकाळी सोसायटीच्या बदामाच्या पानांचा ढीग करून काडी लावतो!! तो धूर आईच्याच खिडकीत. तिने सांगितलं तर म्हणे चेअरमनना विचारा.

म्हणजे एवढा उपद्व्याप करून आईचं कोणाला काही कौतुक नाही आणि मला इथे काही न करता पर्यावरणप्रेमी म्हणून मिरवता येतं. कारण खरं सांगू का, मी इथे जे चार डबे पाळते ते गोदावरीवरच्या किंवा पृथ्वीवरच्या प्रेमाने नाही. बायोटोनेमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात, एकदा कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी टाकली तेव्हा बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर पहिला आमच्या दाराशी आला. आमची नव्हती. पण वरच्या मजल्यावरच्या श्मिटकडे तो आधी गेला नाही एवढं मला कळलं. तेव्हापासून मी टी बॅगची पिनसुद्धा काढून टाकते. नाशिकमध्ये असते तर आळस केला असता बहुतेक, बिनधास्त, आपल्याच घरात करतात तसा.

नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तोडायची बातमी आली तेव्हा पण मी इथून तावातावाने स्टेटस टाकलं होतं, लोक तिथे झाडांपाशी जाऊन उभे राहिले होते.

असो. खड्ड्याचा पूर्ण खर्च मी देते असं शेवटी ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, "पैशाचं नाही गं बाळा, फंडात आहेत पैसे, रोज ढवळायला कोण येणार ते सांग." याला माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून सगळं एकत्रच होतं हे मी मान्य करणार नाहीये, आणि पाला जाळणं बंद करा एवढं तरी मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या, त्याला ढवळायला कोणी लागत नाही.