मृत्युपत्र ना? दिवाळीनंतर बघू

इन्कम टॅक्सचं रिटर्न लांबवायला अक्कल लागत नाही. तारीख तोंडावर येते, सीए ओरडतो आणि काम होऊन जातं. टाळाटाळीची खरी परीक्षा मृत्युपत्रात. त्यालाही शेवटची तारीख असते, फक्त ती आधी कळवत नाहीत. साठी उलटली, गुडघे बदलून झाले, बायपासही झाली, तरी ज्यांनी अजून कागदाला पेन लावलेलं नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द. तुमचं चाललंय ते उत्तमच आहे, थोडी शिस्त हवी.

पहिलं पथ्य माहितीचं. मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि ती करताना तुम्हाला पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढ्यावर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा समाधानी असतो. हे असलं काही कानावर पडू देऊ नका. दुपारच्या चहाच्या आत उरकणारी कामं धोक्याची, ती चुकून होऊन जातात. तुम्ही आपलं 'चांगला वकील बघतोय' हेच चालू ठेवा. साक्षीदारांची अडचणही जपा: 'कुणाला काय दिलं हे सोसायटीभर कशाला?' साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, तो फक्त सहीचा साक्षीदार, असं वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर सांगू लागले तर लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढा.

आता मुहूर्त. इथे आपली संस्कृती तुमच्या पाठीशी भक्कम उभी आहे. श्रावणात व्रतवैकल्यं, त्यात मरणाच्या गोष्टी कुठे? मग गणपती. घरात बाप्पा असताना असलं अभद्र बोलायचं नाही. लगेच पितृपक्ष, म्हणजे गच्चीवर कावळे बसलेले आणि आपण मृत्युपत्र लिहितोय, शोभतं का? नवरात्र, दसरा, दिवाळी हे सण. त्यानंतर लग्नसराई, भाच्याचं ठरलंय. संक्रांतीला गोड बोलायचं असतं. मार्चमध्ये हिशेब, एप्रिल-मेमध्ये ऊन, आंबे आणि नातवंडं, जूनमध्ये गळती. आणि आला श्रावण. अधिक मास पडला तर महिनाभर बोनस. बायकोने विषय काढलाच तर 'शुभ बोल नाऱ्या' एवढं पुरतं. ती गप्प बसते, कारण पुढे बोलली तर घराकडे डोळा ठेवून आहे असं दिसेल. मुलगा त्याच कारणाने गप्प. सूनबाई तर तोंडच उघडणार नाही. सगळ्या घराला अशा पेचात बसवून आपण निवांत पेपर वाचत बसणं, ही साधी गोष्ट नव्हे.

कुणी फारच मागे लागलं तर 'नॉमिनी लावलाय' म्हणा. याने भलेभले गप्प होतात. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबद्दल २०२३ साली सांगितलं. पण निकाल वाचतो कोण? तुम्ही प्रेमाने धाकट्याला नॉमिनी लावा. थोरला कधीतरी निकाल वाचेलच.

दुसरा हुकमी एक्का: 'माझ्यामागे सगळं हिचंच तर आहे.' १९५६ चा हिंदू वारसा कायदा असं मानत नाही. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वकष्टाच्या फ्लॅटमध्ये बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. वडील या पहिल्या रांगेत नाहीत. म्हणजे जिने पस्तीस वर्षं त्या घराचे हप्ते भरायला डबे करून दिले, तिला घर स्वतःच्या नावावर करायला पोटच्या पोरांकडून हक्कसोडपत्र घ्यावं लागतं. न्यू जर्सीतली लेक त्यासाठी मुखत्यारपत्र करायला वकिलातीत खेटे घालेल. जावईबापू 'नीट वाचून सही कर हं' एवढंच म्हणतील. त्या एका वाक्याने रक्षाबंधनाची किती वर्षं जातात, ते तुम्हाला बघावं लागणार नाही. टाळण्याचा हा केवढा फायदा!

गावी जमीन असेल तर तुम्ही जन्मजात भाग्यवान. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असं जमीन महसूल संहिता म्हणते. तुमच्या सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबाच कसतायत. वडिलांनी फेरफार केला नाही, काकांनी केला नाही. चार पिढ्यांचं हे भिजत घोंगडं एकट्याने पिळून वाळत घालण्याचा आगाऊपणा तुम्ही का करावा? सामायिक खात्यावर नावं वाढत जातील, आणेवारी इतकी बारीक होईल की एकेकाच्या वाट्याला बांधावरची बाभूळही अख्खी येणार नाही. आंब्याचा प्रश्न आधीच कोर्टात असेल.

तरीही एखाद्या रात्री झोप लागेना आणि 'करूनच टाकू' असं वाटलं, तर घाबरू नका. यादीपासून सुरुवात करा. यादीत अडकलेला माणूस सहीपर्यंत पोचत नाही. पोस्टातली सर्टिफिकेटं, पतपेढीतली ठेव, लग्नाआधी नोकरीच्या गावी उघडलेलं खातं, जुन्या कंपनीचे कागदी शेअर. यातलं काही आठवलं नाही तरी बिघडत नाही. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की बँकेतली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि मुलांना 'उद्गम' पोर्टलवर तुमचं नाव टाकून ती शोधता येते. सुट्टीच्या दिवशी तेवढीच करमणूक.

आणि समजा, सगळं पथ्य मोडलं, हेडमास्तर आणि शेजारच्या डॉक्टरीणबाई साक्षीला बसल्या, सह्यासुद्धा झाल्या. तरी डाव हातचा गेलेला नाही. तो कागद कुठे आहे ते कुणाला सांगू नका. छान लिफाफ्यात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॉकर एकट्याच्या नावावर असू द्या, नॉमिनी लावू नका. वारस कोण हे सांगणारा कागद लॉकरमध्ये, आणि बँक म्हणेल, लॉकर उघडायचंय ना? मग आधी वारस कोण ते सिद्ध करा.