जादूचे प्रयोग धर्मबाह्य आहेत काय? सांगली-मिरजेत फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्याभरात सांगली, मिरज आणि कुपवाड भागातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. मला तो तिघांकडून आला. त्यांपैकी एक माळकरी आहेत, एक पाच वेळा नमाज पढणारे आहेत आणि एक दर रविवारी चर्चला जाणारे आहेत. तिन्ही संदेशांत धर्मग्रंथांची नावे तेवढी बदललेली होती, बाकीचा मजकूर जवळजवळ तोच होता. त्याचे म्हणणे असे: सर्व धर्मांनी जादू निषिद्ध ठरवली आहे, जादूगार अमानवी शक्तींची मदत घेतो, ती घेत नसला आणि निव्वळ हातचलाखी करत असला, तरी तो लोकांना फसवतो आणि फसवणूक हे पाप आहे, असे खेळ पाहून संतांच्या चमत्कारांवरची मुलांची श्रद्धा ढळते, शिवाय महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा असल्यामुळे शाळेने स्नेहसंमेलनात जादूगाराला बोलावणे हा गुन्हा ठरतो.

मी 27 वर्षे शाळांत, गणेशोत्सवात आणि गावोगावच्या यात्रांत जादूचे प्रयोग करतो. या संदेशामुळे एका शाळेने माझा ठरलेला कार्यक्रम रद्द केला, याचे मला वाईट वाटले. तरीही हे उत्तर त्या एका कार्यक्रमासाठी लिहिलेले नाही. संदेश पाठवणारे तिघेही माझ्या ओळखीचे, सरळ मनाचे लोक आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कायद्याचा मुद्दा संदेशात शेवटी आला असला तरी तो आधी घेतो, कारण त्याला फार जागा लागणार नाही. 2013 च्या या कायद्याच्या लांबलचक नावात ‘जादूटोणा’ हा शब्द आहे आणि बहुधा त्यावरूनच हा गैरसमज झाला असावा. कायद्याने कोणती कृत्ये गुन्हा ठरवली आहेत, ते त्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहे. तथाकथित चमत्कार करून दाखवून त्यावर पैसा मिळवणे आणि अशा चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणे, ठकवणे किंवा त्यांच्यावर दहशत बसवणे हे त्यात आहे. हा हाताचा खेळ आहे असे सांगून केलेले मनोरंजन त्यात नाही. या कायद्यासाठी ज्यांनी अनेक वर्षे झुंज दिली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे होते, त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण सांगलीत आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेत झाले. त्यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून ‘चमत्कारांची प्रात्यक्षिके’ दाखवत आले आहेत. हळदीत चुना मिसळून कुंकवासारखा लाल रंग काढणे किंवा काडी न लावता होम पेटवणे हे प्रयोग त्यांनी खेड्यापाड्यांत केले आणि ते कसे होतात तेही तिथल्या तिथे सांगितले. ज्या चळवळीने हा कायदा मागितला तिनेच हातचलाखीचा उपयोग लोकांना सावध करण्यासाठी केला, हे ध्यानात घेतले म्हणजे हा मुद्दा उरत नाही.

दुसरा मुद्दा अमानवी शक्तींचा. हातात नाणे लपवण्याची पहिली रीत मी तासगाव-सांगली एसटीत शिकलो. पाच रुपयांचे जाड नाणे अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागात धरायचे आणि तरीही बोटे सैल, मोकळी दिसली पाहिजेत, एवढेच ते काम असते. पहिले काही महिने नाणे सारखे निसटून सीटखाली जात असे आणि कंडक्टर ते उचलून देत असत. कोणत्याही शक्तीने मला त्या काळात मदत केली नाही. मदत झाली ती रोजच्या दीड-दोन तासांच्या सरावाची. आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होते. वात्स्यायनाने दिलेल्या 64 कलांच्या यादीत ऐंद्रजाल (जादूचे खेळ) आणि हस्तलाघव (हातचलाखी) या दोन्हींची नावे गायन, वादन, नृत्य यांच्याच रांगेत आहेत. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणाऱ्या मायावीचा दृष्टांत दिला आहे, आणि वर चढताना दिसतो त्याहून खरा मायावी वेगळा असून तो जमिनीवरच उभा असतो, असे तिथे म्हटले आहे. इंद्रजाल हा डोळ्यांना होणारा भास आहे, हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तरच असा दृष्टांत लागू पडतो.

आता धर्मग्रंथांकडे वळतो. त्यांत जादूविरुद्ध काही नाहीच, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. कुराणात सूरह बकराच्या 102 व्या आयतीत ‘सिहर’ म्हणजे जादूटोणा शिकवणाऱ्यांचा कडक निषेध आहे. मूसा पैगंबरांच्या कथेत फिरऔनच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, जादूगारांनी लोकांच्या नजरा भारल्या आणि दोऱ्या व काठ्या धावताहेत असा भास निर्माण केला, असे वर्णन आहे. बायबलमध्ये ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे आणि मृतांना विचारणारे यांना मनाई केली आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की ही वचने कोणाविषयी आहेत ते पूर्ण वाचावे. बकराच्या त्याच आयतीत नवराबायकोत फूट पाडणाऱ्या विद्येचा उल्लेख आहे. आपल्याकडच्या भाषेत ती करणी झाली. फिरऔनचे जादूगार राजाच्या सत्तेसाठी, ईश्वराच्या दूताला खोटे पाडायला उभे होते. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायातील शिमोन आपण कोणी मोठे आहोत असे सांगत लोकांना थक्क करत असे, आणि पुढे त्याने पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैसे देऊन विकत मागितले. या सर्वांनी अंगी नसलेल्या सामर्थ्याचा दावा केला आणि त्या दाव्यावर लोकांना वाकवले.

इस्लामी विद्वानांत या बाबतीत एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही आलिम हातचलाखीही वर्ज्य मानतात, कारण तिच्यामुळे सामान्य माणसाच्या मनात खऱ्या सिहरचा संभ्रम होऊ शकतो. काहींच्या मते असा दावा आणि फसवणूक नसेल तर तो खेळ आहे. पहिले मत ज्यांना पटते त्यांनी माझ्या प्रयोगाला येऊ नये, त्यांचा मी आदर करतो. परंतु ‘आम्ही हे टाळतो’ आणि ‘हा माणूस जिन्नांकडून काम करून घेतो’ ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिले स्वतःच्या आचरणाविषयी आहे. दुसरे शेजाऱ्यावर केलेला आरोप आहे, आणि तो खोटा आहे. ख्रिस्ती परंपरेत तर डॉन बॉस्को यांचे उदाहरण आहे. इटलीतील खेड्यात लहानपणी जत्रेत पाहिलेले हातचलाखीचे आणि कसरतीचे खेळ ते स्वतः शिकले, गावातील मुलांना दाखवले, आणि खेळाच्या बदल्यात मुलांना प्रार्थना म्हणायला लावली. 1934 साली चर्चने त्यांना संतपद दिले.

संदेशातला सर्वांत वजनदार मुद्दा माझ्या मते फसवणुकीचा आहे आणि त्याला उत्तर देताना मला स्वतःकडेही पाहावे लागते. मी प्रेक्षकांना फसवतो, हे खरे आहे. पण ते कोणत्या संमतीने? सांगलीत 1843 साली विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग केला तेव्हा रावणाचे सोंग घेतलेला माणूस रावण नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते, म्हणून त्या सोंगाला कोणी असत्य म्हटले नाही. माझ्या रंगमंचावरही तोच करार असतो. प्रयोग कसा होतो हे मी सांगत नाही, पण तो प्रयोग आहे हे मी कधीही लपवत नाही. गुपित राखणे आणि खोटे बोलणे यांत हा फरक आहे आणि आमच्या व्यवसायाची सारी नीती याच फरकावर उभी आहे.

हा करार मी नेहमी पाळला असे मात्र नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. सुरुवातीची सहा-सात वर्षे माझ्या टेबलावर प्लॅस्टरची कवटी असे, अंगात काळा झगा असे, आणि प्रत्येक प्रयोगाआधी मी ‘कालिकामातेच्या कृपेने’ असे मोठ्याने म्हणत असे. गर्दी जमते, एवढेच कारण होते. जत तालुक्यातील एका यात्रेत रिकाम्या मुठीतून राख काढण्याचा प्रयोग करून मी सामान आवरत होतो, तेव्हा एक बाई तंबूच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून वीस रुपयांची नोट काढली आणि म्हणाल्या, “दादा, माझं पोरगं झटकं येऊन पडतंय. तो अंगारा त्याला द्या की.” मी त्यांना राख कुठून येते ते सांगितले, डबी उघडून दाखवली, पुन्हा एकदा करून दाखवले. त्यांना ते पटले नाही. पैसे कमी पडले म्हणून मी नाही म्हणतो आहे, असे त्यांना वाटले आणि त्या हातातल्या बांगडीकडे पाहू लागल्या. झटके हा मेंदूचा आजार आहे, तो गोळ्यांनी आटोक्यात येतो, मुलाला मिरजेच्या सरकारी दवाखान्यात न्या, असे मी कागदावर लिहून दिले. त्यांनी तो कागद घडी करून पदरात बांधला तो अंगाऱ्यासारखाच जपून. त्यांनी मुलाला तिकडे नेले की नाही, हे मला कधीच कळले नाही. त्यांना मी फसवले होते, आणि त्या दिवशी मी जे केले ते धर्माच्या आणि माणुसकीच्या दोन्ही दृष्टींनी पाप होते, असे मी आजही मानतो.

त्या यात्रेनंतर कवटी आणि झगा गेला. आता पडदा उघडताच पहिले वाक्य मी असे बोलतो: “आज तुम्ही जे पाहाल ते हाताचे आणि डोळ्यांचे खेळ आहेत, माझ्याकडे मंत्र नाही, सिद्धी नाही, आणि कोणाचे दुखणे बरे करण्याची शक्ती नाही.” असे सांगितल्याने मजा कमी होते, असे काही सहकारी जादूगारांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. मंत्र नाही हे कळल्यावर मुले अधिक डोळे फाडून पाहतात, कारण आता त्यांना माझा हात पकडायचा असतो. जे व्यावसायिक आजही मनातले ओळखतो, भविष्य सांगतो, संमोहनाने रोग घालवतो असे दावे करून तिकिटे विकतात, त्यांच्यापुरता त्या संदेशातला आक्षेप योग्य आहे, आणि तो आम्हा जादूगारांनीच आधी घ्यायला हवा होता.

राहिला संतांच्या चमत्कारांचा मुद्दा. संदेशात तुकोबांच्या एका अभंगाचा आधार घेतला आहे: लोकांना भुलवण्याचे कपट आपल्याला येत नाही, असे तुकोबा त्यात म्हणतात. हा अभंग पुढे वाचावा. जडीबुटी दाखवता येत नाही, झटपट चमत्कार दाखवता येत नाही, आपण मठपती नाही, देवपूजेचे दुकान मांडलेले नाही, आपल्याला वेताळ प्रसन्न नाही, असे ते सांगत जातात. रोख कोणावर आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यांनी आपल्या भक्तीला चमत्काराची जोड लावण्याचेच नाकारले आहे. पतंजलींनीही योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटले आहे. ज्या परंपरेने चमत्काराला इतकी खालची जागा दिली तिला रुमालातून फूल काढल्याने धक्का बसेल, हे मला पटत नाही.

धक्का बसतो तो वेगळ्या ठिकाणी. पोटॅशियम परमँगनेटची जांभळी भुकटी राखेत लपवून त्यावर तूप म्हणून ग्लिसरीन सोडले की थोड्या वेळाने आपोआप जाळ होतो. हेच बुवा ‘मंत्राने होम पेटवला’ म्हणून दाखवतो आणि त्यानंतर करणी उतरवण्याचे दहा हजार मागतो. सुरीला आधी मिथिल ऑरेंज लावून लिंबू कापले की आम्ल लागून रस लाल होतो आणि घरातल्या सुनेवर संशय येतो. शाळेत हा प्रयोग पाहिलेली मुलगी पुढे सासरी असे लिंबू कापले जाताना घाबरणार नाही, ती सुरी धुऊन पुन्हा कापायला सांगेल. असे खेळ पाहून मुले जादूटोण्याकडे ओढली जातात, अशी भीती ज्या पालकांना वाटते, त्यांनी एकदा मुलांसोबत पहिल्या रांगेत बसावे, ही माझी मनापासून विनंती आहे. मुख्याध्यापकांनाही मी आता लेखी कळवतो की आक्षेप असलेल्या पालकांना प्रयोगाआधी माझे सामान पाहायला बोलवावे. रहस्ये सोडून बाकी सगळे मी दाखवीन.

मिरजेच्या माझ्या त्या नमाजी स्नेह्यांशी या विषयावर दोनदा सविस्तर बोलणे झाले. त्यांचे मत बदलले नाही. ते मुलांना माझ्या प्रयोगाला आणत नाहीत आणि आणणारही नाहीत, आणि आमच्या स्नेहात त्यामुळे काही उणे आलेले नाही. परवा मात्र त्यांनी आपल्या गटावर त्या संदेशाखाली लिहिले, “हातचलाखीपासून दूर राहणे हा आमच्या घराचा निर्णय आहे. हे सर जिन्नांची मदत घेतात असे जे वर म्हटले आहे ते खरे नाही, मी त्यांना विचारले आहे.”