‘कुजो’तील कुत्रा केवळ खलनायक नव्हे
स्टीफन किंग यांच्या १९८१ च्या कादंबरीवर बेतलेला ‘कुजो’ (१९८३) हा केवळ पिसाळलेल्या कुत्र्याचा थरारपट आहे, हे या चित्रपटावरील लेखातील मत मला पटले नाही. सशामागे धावत बिळात डोके खुपसणाऱ्या त्या थोराड सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याला रेबीज झालेले वटवाघूळ चावते, तेव्हापासून त्याचे नाक कसे चिघळते आणि साध्या आवाजानेही तो कसा बिथरतो, हे दिग्दर्शक लुईस टीग यांनी इतक्या सावकाश दाखवले आहे की भीतीइतकीच त्याची कीवही येते. मात्र या कुत्र्यामुळे बंद पडलेल्या मोटारीत अडकून उन्हाने होरपळणारा मुलगा कादंबरीत दगावतो आणि चित्रपटात वाचतो, हा बदल मला प्रेक्षकांसाठी केलेली तडजोडच वाटतो.

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलातील बारापेडे गुहांत, दुर्मीळ वटवाघळे आहेत. चित्रपट पाहून कोणी त्यांच्यावर डूख धरू नये (तसे करणारे महाभाग निघतातच), कारण आपल्याकडे माणसाला रेबीज होतो तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्याने. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तातडीने लस घ्यायची सोडून काही जण आजही तिच्यावर चुना किंवा मिरचीपूड लावत बसतात, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.